आमचे कागदी घोडे

‘कागदी घोडे नाचविणे’ या वाक्प्रचाराला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. कचेरीत जे पुष्कळ चालते आणि ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही, ते कागदी घोडे, असा त्याचा रूढ अर्थ. परंतु आमच्या वसईच्या घरात २०२० साली खरोखरच कागदावर घोडे धावले, आणि त्यातून जे निष्पन्न झाले ते कचेरीतल्या कोणत्याही फाइलीपेक्षा अधिक होते, असे मला आज वाटते. त्या घोड्यांतील एकाची, म्हणजे मोतीची, कारकीर्द सांगावी आणि तिच्या निमित्ताने विजेता घोडा म्हणजे काय, तो का जिंकतो आणि का हरतो, याचा थोडा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये लोकल गाड्या बंद झाल्या. मी नववीची परीक्षा न देताच दहावीत ढकलला गेलो. आमचे काका छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना आयुष्यात दोनच छंद : तंबाखू आणि रेस. तंबाखू कशीबशी मिळत होती, पण रेस देशभर थांबली होती. रविवार उजाडला की काका इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात बसत आणि दुपारी तो उतरवून पुन्हा घडी करून ठेवीत. हे दोन-तीन रविवार पाहिल्यावर माझी धाकटी बहीण म्हणाली, “काका, आपण घरीच रेस लावू या की!” काका हसले. पण संध्याकाळी त्यांनीच दूरचित्रवाणीच्या जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापायला घेतला.

खेळाचे नियम

खेळ अगदी साधा होता. आठ बटणे म्हणजे आठ घोडे. प्रत्येक फेरी म्हणजे २०० मीटर. प्रत्येक फेरीत प्रत्येक घोड्यासाठी दोन फासे टाकायचे आणि पडेल ती बेरीज वहीत मांडायची. २४०० मीटरची शर्यत असेल तर बारा फेऱ्या, १२०० ची असेल तर सहा. शेवटी ज्याची एकूण बेरीज सर्वांत मोठी तो पहिला. दोन फाशांची सरासरी बेरीज सात येते. म्हणजे बारा फेऱ्यांत साधारण घोडा चौऱ्याऐंशीच्या आसपास पोहोचतो. कधी पंच्याहत्तरवर अडखळतो, कधी त्र्याण्णवपर्यंत उधळतो.

पण सगळे घोडे सारखे असते तर ती रेस कसली, ती सोडतच झाली असती. म्हणून काकांनी ‘गुणा’चा नियम घातला. आपल्याकडे शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढते, मग तो जन्मलेला कोणत्याही महिन्यात असो. आमच्याकडेही ‘१ जानेवारी’ आली की प्रत्येक घोड्यासाठी एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर घोड्याचा एक गुण वाढला, एक किंवा दोन पडले तर कमी झाला, तीन-चार पडले तर जैसे थे. ज्याचा गुण अधिक एक, त्याच्या प्रत्येक फेरीच्या बेरजेत एक मिळवायचा.

बटणांपैकी एक काळे, शिंगाचे, जाड बटण आजोबांच्या कोटाचे होते. आमचे आजोबा वसई रोड स्टेशनवरून गावात टांगा हाकीत. त्यांच्या घोड्याचे नाव मोती. म्हणून त्या बटणाचेही नाव मोती ठेवले. खरा मोती कधी शर्यतीत धावला नाही. सामान, माणसे आणि पावसाळ्यातला चिखल यांतून तो बारा-चौदा वर्षे चालत राहिला, आणि त्याच्या पाठीवर किती वजन आहे याची नोंद कोणत्याही पुस्तकात झाली नाही.

मोतीची कारकीर्द

पहिल्या हंगामात मोती तीन वर्षांचा. फासा सहा पडला, म्हणून त्याच्याकडे अधिक एक गुण. तो आठ शर्यती धावला आणि चार जिंकला. दुसऱ्या हंगामासाठी फासा टाकला तर पुन्हा सहा! मोतीचे गुण दोन झाले. त्या हंगामात तो नऊ शर्यती धावला आणि आठ जिंकला. जी एक हरला ती १२०० मीटरची होती. तिसऱ्या हंगामात त्याच्या पाठीवर वजन चढले (त्याचा खुलासा पुढे येतो) आणि नऊपैकी तीनच हाती लागल्या. एकूण सव्वीस शर्यती, पंधरा विजय. अकरा पराभवही वहीत आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचे महत्त्व आहे.

दुसऱ्या हंगामात आमच्या घरात मोतीचे जे कौतुक झाले ते पाहण्यासारखे होते. आजी त्याला हात लावून नमस्कार करी. बहिणीने त्याच्यासाठी काडेपेटीचा तबेला केला. “रक्तच तसं आहे त्याचं,” असे काका गंभीरपणे म्हणत. बटणाला रक्त नसते हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, तरी कोणी हसत नसे.

आता गंमत अशी की, यात मोतीचे कर्तृत्व किती? लागोपाठ दोन वर्षे गुण वाढण्याची शक्यता एक तृतीयांश गुणिले एक तृतीयांश, म्हणजे नवात एक. आमच्याकडे घोडे आठ. म्हणजे आठांत साधारण एक घोडा असा निघायचाच होता. तो मोती निघाला. लाल बटण निघाले असते तर आजीने त्याला नमस्कार केला असता. विजेता होणे हे ज्याचे त्याचे भाग्य असते, पण कोणीतरी विजेता निघणे हे मात्र ठरलेले असते. आपण नेहमी पहिल्या गोष्टीकडे पाहतो आणि दुसरी विसरतो.

गुण आणि नशीब

यंदा अर्थशास्त्राच्या वर्गात संभाव्यता शिकताना मला हा खेळ आठवला. बाकीचे सात घोडे अगदी सारखे धरून मी तीच शर्यत संगणकावर हजारो वेळा धावविली. जे आढळले ते असे.

आठही घोडे सारखे असतील तर प्रत्येकाला आठात एक, म्हणजे शंभरात साडेबारा विजय. एका घोड्याचा प्रत्येक फेरीला एक गुण जास्त असेल, तर २४०० मीटरला तो शंभरात सुमारे बावन्न-त्रेपन्न वेळा जिंकतो. म्हणजे मैदानातला निर्विवाद सर्वोत्तम घोडा जवळजवळ निम्म्या वेळा हरतो! दोन गुण जास्त असतील तर तो शंभरात सुमारे नव्वद वेळा जिंकतो. परंतु हाच दोन गुणांचा घोडा १२०० मीटरला धावविला, तर नव्वदाचे सुमारे बहात्तर होतात.

असे का व्हावे? गुण प्रत्येक फेरीला न चुकता साचत जातो. फाशांचे चढउतार मात्र एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. सहा फेऱ्यांत दोन गुणांची आघाडी बाराची होते, बारा फेऱ्यांत चोविसाची, म्हणजे दुप्पट. पण नशिबाचा हेलकावा दुप्पट होत नाही, सुमारे एक पूर्णांक चार पटच होतो. म्हणून अंतर जितके लांब तितका नशिबाचा वाटा कमी. मोती १२०० मीटरला हरला त्यात नवल नव्हते. खऱ्या घोड्यांच्या बाबतीत यात दमसासाचा प्रश्न येतो. १२०० ला वाऱ्यासारखा पळणारा घोडा २४०० ला धापा टाकू लागतो, आणि आमच्या बटणांना धाप लागत नव्हती. ही आमच्या खेळाची मर्यादा मान्य केली पाहिजे.

खरा विजेता

काकांनी खरा विजेता डोळ्यांनी पाहिला होता. त्याचे नाव स्क्वॉन्डरर. १९७३ साली जन्मलेला हा घोडा रशीद बैरामजी यांच्या तालमीत तयार झाला. त्याने १९ शर्यती धावून १८ जिंकल्या.

ज्यांना या क्षेत्राची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबईचे महालक्ष्मीचे मैदान १८८३ चे. तेथे हिवाळी हंगाम चालतो. पावसाळा लागला की शर्यती पुण्याला जातात. इंडियन डर्बी ही त्यातील सर्वांत मानाची शर्यत. ती १९४३ मध्ये प्रथम झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली. डर्बीचे अंतर २४०० मीटर, आणि तीत भारतात पैदास झालेले चार वर्षांचे घोडेच धावू शकतात. म्हणजे कोणत्याही घोड्याला आयुष्यात डर्बी एकदाच मिळते. परीक्षेला बसण्याची दुसरी संधी नाही. त्याआधी डिसेंबरात १६०० मीटरची टू थाउजंड गिनीज आणि नंतर सप्टेंबरात पुण्याला २८०० मीटरची सेंट लेजर. या तिन्ही जिंकणाऱ्याला त्रिमुकुटाचा मान मिळतो. १६०० ला वेग लागतो, २८०० ला दम लागतो, आणि मधल्या महिन्यांत पाय शाबूत राहावे लागतात. या तिन्ही गोष्टी एकाच जनावरात एकत्र येणे दुर्मीळ. स्क्वॉन्डररने १९७६-७७ मध्ये तो त्रिमुकुट मिळविला.

१९७७ ची डर्बी काकांनी लोकांच्या खांद्यांवरून पाहिली. त्यांना घोडा पुरता दिसलाही नाही. “पण आवाज ऐकला,” ते सांगतात. “शेवटच्या वळणावर सगळे लोक एकदम गप्प झाले, आणि मग एकदम ओरडले.”

एकोणिसात अठरा विजय म्हणजे काय, हे आमच्या खेळाच्या भाषेत मोजून पाहता येते. एक गुण जास्त असलेल्या घोड्याला असा पराक्रम दहा हजार कारकिर्दींत एखाद्याच वेळी साधेल. दोन गुण जास्त असलेल्याला मात्र दर पाच कारकिर्दींत दोनदा साधेल. तात्पर्य, स्क्वॉन्डरर हा नशीबवान घोडा नव्हता. तो खरोखरच इतरांहून दोन पायऱ्या वरचा होता. आकड्यांचा उपयोग येथे कळतो : कोणाचे कौतुक नशिबापोटी करावे आणि कोणाचे गुणांपोटी, हे ते वेगळे काढून दाखवितात.

जगभरचे कागदी घोडे

काकांना वाटत होते की असला पोरखेळ फक्त वसईतच चालला असेल. पण त्याच दिवसांत विलायतेतली बातमी आली. तेथील प्रसिद्ध ग्रँड नॅशनल शर्यत साथीमुळे रद्द झाली आणि तिच्या जागी ४ एप्रिल २०२० रोजी संगणकावर रचलेली शर्यत दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. चित्रातले घोडे चित्रातल्या कुंपणांवरून उड्या मारीत होते आणि पॉटर्स कॉर्नर नावाचा घोडा ‘जिंकला’. लोकांनी त्यावर खरे पैसे लावले आणि त्यातला नफा तेथील आरोग्यसेवेच्या मदतीला गेला. पुढे २ मे २०२० रोजी अमेरिकेत याहून मोठी मौज झाली. त्या देशात त्रिमुकुट मिळविणारे आजवरचे तेरा घोडे, म्हणजे बहुतेक सारे कधीच मेलेले, संगणकाने एकाच मैदानात उतरविले. सेक्रेटेरियट पहिला आला.

काकांनी ही बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, “बरोबरच आहे!” सेक्रेटेरियटने १९७३ साली बेलमाँट शर्यत २ मिनिटे २४ सेकंदांत आणि ३१ लांबीच्या फरकाने जिंकली होती. लांबी म्हणजे घोड्याच्या एका अंगाएवढे अंतर. म्हणजे दुसरा घोडा सुमारे पाऊणशे मीटर मागे होता. तो विक्रम अजूनही मोडलेला नाही. मात्र हाच सेक्रेटेरियट एकूण २१ शर्यतींपैकी १६ जिंकला, म्हणजे पाच वेळा पहिला आला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या संगणकी शर्यतींबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. लोक म्हणतात, “संगणकाने भविष्य सांगितले.” वस्तुतः संगणक फासेच टाकतो, फक्त ते फार बारीक आणि फार वेगाने टाकतो. घोड्याचे पूर्वीचे वेग, अंतर, जमीन, वजन यांवरून तो गुण ठरवितो आणि मग नशिबाला वाव देतो. पडद्यावर दिसते ती अशा असंख्य शक्य शर्यतींपैकी एक. २०१८ साली अशा संगणकी ग्रँड नॅशनलमध्ये टायगर रोल जिंकला आणि खऱ्या शर्यतीतही तोच जिंकला. २०१९ मध्ये संगणकाचा विजेता वेगळा आणि खरा विजेता पुन्हा टायगर रोल! पहिल्या वर्षी संगणक शहाणा ठरला म्हणून दुसऱ्या वर्षी तो मूर्ख ठरत नाही. दोन्ही वर्षी त्याने फासेच टाकले होते.

याच्या अगदी उलट टोकाची कथा जपानची. तेथे हारू उरारा नावाची घोडी ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. तरी सारा देश तिच्यावर माया करी. तेथे जुन्या घोड्यांच्या नावांची पात्रे घेऊन २०२१ साली निघालेल्या एका लोकप्रिय संगणकी खेळात तिलाही स्थान मिळाले, आणि खऱ्या मैदानात तिला जे कधी जमले नाही ते खेळणाऱ्या पोरांनी तिच्याकडून करवून घेतले. ती घोडी सप्टेंबर २०२५ मध्ये वारली. खेळ वास्तवाची नक्कल करतो हे खरे, पण कधी कधी वास्तवाची चूक दुरुस्त करावी असेही माणसाला वाटते, आणि त्यासाठी तो खेळ रचतो.

पाठीवरचे वजन

आता मोतीच्या तिसऱ्या हंगामाकडे वळू. दुसऱ्या हंगामानंतर आमच्या खेळातली रंगत गेली. मोतीच जिंकणार हे सर्वांना ठाऊक. तेव्हा काकांनी हँडिकॅप आणला.

मानाच्या शर्यतींत घोडे बहुधा समान वजन घेऊन धावतात. घोड्यांना थोडीशी सूट असेल तर ती घोडी असल्याबद्दल. परंतु हंगामातील पुष्कळशा शर्यती हँडिकॅपच्या असतात. हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून आकडा देतो आणि जो वरचढ त्याच्या पाठीवर अधिक वजन चढवितो. जॉकी हलका असेल तर उरलेले वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढतात आणि शर्यतीच्या आधी व नंतर जॉकीला काट्यावर उभे करतात. हँडिकॅपरचे स्वप्न एकच : सगळे घोडे एकाच क्षणी रेषेवर यावेत. जो जिंकेल त्याला पुढच्या वेळी वजन जास्त. म्हणजे घोड्याला त्याच्या यशाचा दंड भरावा लागतो.

आमची हँडिकॅपर माझी बहीण. तिने मोतीच्या प्रत्येक फेरीतून आधी एक वजा केला. दोनाचा एक गुण उरला आणि मोती नव्वदावरून बावन्नावर आला. तरी तो जिंकतोच आहे असे पाहून तिने दोन वजा केले. मग मोती इतर सात बटणांसारखे एक बटण झाला : आठात एक. आजीला हा अन्याय सहन होईना. “जो धावतो त्याच्याच पाठीवर ओझं?” ती म्हणाली. काका काही बोलले नाहीत. मला मात्र वाटले की आजीच्या डोळ्यांपुढे बटण नव्हते, टांग्याचा मोती होता.

चिंचोक्यांचा हिशेब

आता या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या खेळात बेटिंगही होते. पैसे नव्हेत, चिंचोके. काकू बँक. टोटची पद्धत अशी असते की एका शर्यतीवर सर्वांनी लावलेली रक्कम एकत्र होते, तीतून व्यवस्थापनाचा आणि सरकारचा वाटा आधी बाजूला काढला जातो, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या पैशांच्या प्रमाणात वाटली जाते. काकूने शंभरातले वीस चिंचोके आधी काढून बरणीत टाकायचे असे ठरले.

काका सदैव मोतीवर लावीत. “पक्क्या घोड्यावर लावावं,” हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धान्त. पण मोती पक्का आहे हे आम्हालाही ठाऊक होते, म्हणून आम्हीही मोतीवरच लावू लागलो. एकदा शंभर चिंचोक्यांपैकी ऐंशी मोतीवर होते. मोती जिंकला. वीस बरणीत गेले, ऐंशी वाटायला उरले, आणि ऐंशी लावणाऱ्यांना ऐंशीच परत मिळाले. घोडा जिंकला, आरडाओरड झाली, आणि कोणाच्याही मुठीत एक चिंचोका वाढला नाही. काका बराच वेळ मुठीकडे पाहत राहिले. घोडे कुठे पेंड खाते ते त्या दिवशी प्रथम दिसले : चांगला घोडा ओळखणे पुरेसे नाही, तो इतरांनी ओळखलेला नसावा लागतो.

१२ जानेवारी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा केवळ नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. काका हा निकाल नेहमी सांगत. निकाल रास्तच आहे. घोड्याचे घराणे, अंतर, वजन, जॉकी यांचा अभ्यास करणारा माणूस अभ्यास न करणाऱ्यापेक्षा चांगला अंदाज बांधतो. परंतु टोटमध्ये तुमची शर्यत घोड्याशी नसते, शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी असते, आणि तुम्ही दोघेही वाटा आधी देऊन उभे असता. शेजाऱ्याहून थोडे शहाणे असून भागत नाही. बरणीत जाणाऱ्या वाट्यालाही पुरून उरेल इतके शहाणे असावे लागते.

बहिणीने मग एक प्रयोग केला. सर्वांचे मिळून शंभर चिंचोके. प्रत्येक शर्यतीत सर्वांनी सगळे लावायचे. पहिल्या शर्यतीनंतर ऐंशी उरले, दुसरीनंतर चौसष्ट, मग एक्कावन्न. कधी काका जिंकत, कधी मी, कधी आजी. प्रत्येक शर्यतीला कोणीतरी आनंदाने ओरडत होते. दहा शर्यती संपल्या तेव्हा घरात सर्वांचे मिळून अकरा चिंचोके होते आणि बाकीचे एकोणनव्वद बरणीत. कोणी फसविले नव्हते, कोणी लबाडी केली नव्हती, घोडेही नीट धावले होते. नुसत्या गुणाकाराने हे झाले. आणि काकूचा वाटा वीसच टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीवरील बेटिंगला ४० टक्के जीएसटी लागू झाला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे काकूची बरणी किती उदार होती ते कळेल.

दोन वह्या

काकांची एक जुनी वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची. तीत १९७७ पासूनच्या शर्यती आहेत : घोड्याचे नाव, अंतर, जॉकी आणि मिळालेली रक्कम. लहानपणी मला वाटे की काका फार मोठे जाणते असले पाहिजेत, कारण त्या वहीत पराभव कोठेच नव्हता. बरणी भरली त्या रात्री मी सहज विचारले, “काका, तुमच्या वहीत हरलेल्या शर्यती का नाहीत?”

काकांनी उत्तर दिले नाही. काकू भांडी आवरीत होती. तिने मागे न वळता म्हटले, “अहो, माझ्या पाटल्या तरी लिहा त्यात.”

त्या पाटल्यांविषयी आमच्या घरात कधी कोणी बोलले नव्हते. त्या काकूच्या माहेरच्या होत्या आणि मी जन्मण्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या, एवढेच मला पुढे कळले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मोतीची वही मागून घेतली. तीत प्रत्येक शर्यत होती, कारण बहिणीचा तसा दंडकच होता : जिंकली तरी लिहायची, हरली तरी लिहायची. त्यामुळेच तर सव्वीसात पंधरा असे आम्ही म्हणू शकलो. पराभव वगळले असते तर मोतीचे पंधरात पंधरा झाले असते, आणि तो स्क्वॉन्डररपेक्षाही मोठा घोडा ठरला असता! कोणाचीही कारकीर्द मोजायची तर छेदस्थानी सर्व शर्यती याव्या लागतात. छेद गाळला की प्रत्येक बटण विजेते होते आणि प्रत्येक माणूस जाणता.

काका ती वही घेऊन व्हरांड्यात दोन दिवस बसले होते. मग त्यांनी निळ्या वहीच्या शेवटून पाने उलटी धरून लिहायला सुरुवात केली. जेवढे आठवत होते तेवढे लिहिले. पहिली नोंद पाटल्यांची होती. तिच्यापुढे त्यांनी वजन तोळ्यांत लिहिले आणि रकमेची जागा कोरी ठेवली.

लोकल सुरू झाल्यावर, मैदाने उघडल्यावर काकांनी रेस सोडली, असे लिहिले तर लेखाचा शेवट गोड होईल, पण ते खरे होणार नाही. ते अजूनही अधूनमधून जातात. मात्र आता येताना दोन्ही बाजूंनी लिहितात. डर्बीच्या दिवशी ते पैसे लावीत नाहीत. “ती पाहायची असते,” म्हणतात. खरे घोडे पाहून आल्यावर ते कधीकधी आमच्या खेळात काय नाही ते सांगत बसतात. बटणाला भूक नसते, भीती नसते. पहाटे त्याला मालीश करणारा मोतद्दार नसतो. त्याचा पाय मोडत नाही. खऱ्या घोड्याच्या बाबतीत एका चुकीच्या पावलाने सारी कारकीर्द संपते, आणि ती चूक पुसून पुन्हा फासे टाकता येत नाहीत.

मोती सध्या आजीच्या देवघरात आहे. काडेपेटीचा तबेला केव्हाच फाटला. चिंचोक्यांची बरणी काकूच्या फडताळात वरच्या खणात आहे आणि तिला हात लावायची कोणालाही परवानगी नाही. गेल्या दिवाळीत बहिणीने विचारले, “काकू, एवढे चिंचोके ठेवून काय करणार?”

काकू म्हणाली, “असू देत. घरात एकदा तरी मी जिंकलेय.”